हाताजोगतं खेळणं

सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं बऱ्याच मराठी घरांच्या शोकेसमध्ये असतात. आंबा, केळं, चिकू, पेरू, मिरची, वांगं. रंगकाम असं की आलेल्या पाहुण्यानं उचलून नाकाशी न्यावं. हीच परडी जन्मापासून न दिसणाऱ्या तीन वर्षांच्या मुलापुढे ठेवून पाहा. चिकूची मातकट, खरखरीत साल इथे नाही. पेरूचा वास नाही, केळ्याचा मऊपणा नाही, आंब्याच्या देठाशी लागणारा चीक नाही. सगळ्यांवर रंगाचा तोच गुळगुळीत हात फिरलेला. कारागिराची सगळी करामत रंगात, म्हणजे डोळ्यांसाठी. मुलाच्या हाती उरतात ते कमी-जास्त गोलाईचे लाकडाचे तुकडे आणि ‘हा आंबा बरं का’ असं सांगणारा मोठ्या माणसाचा आवाज. मूल हुशार असतं. ते पाठ करतं, दुसऱ्या दिवशी विचारलं की बिनचूक सांगतं आणि घरातले सगळे खूश होतात.

या खूश होण्यातच घोटाळा आहे, आणि तुमच्या हातातलं पुस्तक त्या घोटाळ्याबद्दल आहे. अंध आणि अल्पदृष्टी असलेल्या, जन्मापासून साधारण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी खेळणी आणि शिकण्याचं साहित्य घरी, अंगणवाडीत किंवा शाळेत कसं करावं, हे त्यात सांगितलं आहे. कृती आहेत, मापं आहेत, काय चिकटवावं नि काय शिवावं तेही आहे. पण लेखिकेचा खरा भर कृतींवर नाही. त्यांचं म्हणणं असं, की दिसणाऱ्या मुलाच्या खेळण्याला घुंगरू बांधलं किंवा ब्रेलची पट्टी डकवली म्हणजे ते न दिसणाऱ्या मुलाचं होत नाही. सुरुवात हातापासून व्हावी लागते. हात कसा शोधतो, किती वेळ घेतो, कशाला कंटाळतो, कशाला बिचकतो, हे आधी पाहायचं आणि मग वस्तू करायला घ्यायची. मला हे पुरतं पटलेलं आहे, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

डोळ्यांनी ठरवायचं आणि बोटांना वापरायला लावायचं, ही चूक जुनी आहे आणि ती भल्या माणसांकडून झालेली आहे. व्हॅलेंतिन आउई यांनी १७८५ साली पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली. त्या काळात अंध मूल म्हणजे भीक मागणारं मूल. त्याला वाचायला शिकवायचं हा विचारच धाडसाचा. आउईंनी कागदावर रोमन अक्षरं उठावदार छापून घेतली. डोळ्यांना ती पुस्तकं सुरेख दिसत. बोटांना मात्र एकेका अक्षराच्या वळणावरून फिरत, चाचपडत जावं लागे. ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरायला होई, आणि मुलांना स्वतः लिहिता तर येतच नसे. पुढे शार्ल बार्बिये नावाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यानं उठावदार ठिपक्यांची लिपी आणली. ठिपके बोटाला रेघांपेक्षा चटकन कळत, पण एका चिन्हात बारापर्यंत ठिपके, त्यामुळे अक्षर बोटाच्या एका स्पर्शात मावत नव्हतं. ते मावेल इतकं लहान कुणी केलं? त्याच शाळेत शिकणाऱ्या, तिसऱ्या वर्षी बापाच्या खोगिराच्या कारखान्यात डोळ्याला इजा होऊन पुढे दृष्टी गमावलेल्या लुई ब्रेलनं. १८२४ साली, पंधराव्या वर्षी, त्यानं सहा ठिपक्यांची मांडणी जमवली. १८२९ साली ती छापून प्रसिद्ध झाली. फ्रान्सनं तिला अधिकृत मान्यता दिली १८५४ साली. ब्रेल दोन वर्षांपूर्वीच वारला होता. डोळस तज्ज्ञांना ही लिपी आवडत नव्हती, कारण त्यांना ती वाचता येत नव्हती. साहित्य कुणासाठी आणि पसंत कुणाला पडलं पाहिजे, या वादाचा निकाल तेव्हाच लागायला हवा होता. तो अजून लागलेला नाही. आजही स्पर्शपुस्तकांचं प्रदर्शन भरलं की रंगसंगतीचं कौतुक आधी होतं.

अगदी लहान बाळापासून सुरुवात करू, कारण सर्वात जास्त नुकसान तिथे होतं आणि सर्वात कमी साहित्य तिथे असतं. दिसणारं बाळ चार-पाच महिन्यांचं झालं की समोरच्या खुळखुळ्याकडे हात नेतं. न दिसणाऱ्या बाळाजवळ आपण तोच खुळखुळा वाजवतो, आणि बाळ निपचित पडून राहतं. हात हलत नाही, उलट अंग जास्तच स्थिर होतं. घरचे घाबरतात. कुणीतरी ‘मंद दिसतंय’ म्हणून मोकळं होतं. खरं म्हणजे बाळ कान देऊन ऐकत असतं. सेल्मा फ्रायबर्ग या अमेरिकी बालमनोविश्लेषक बाईंनी जन्मांध बाळांचं दीर्घकाळ निरीक्षण केलं आणि १९७७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना आढळलं, की नुसत्या आवाजाच्या रोखानं हात पुढे करणं या बाळांना पहिल्या वर्षाच्या अखेरीकडे जमू लागतं. आवाज येतोय म्हणजे तिथे काहीतरी आहे, ते जागचं हललेलं नाही, हात नेला तर सापडेल, एवढं सगळं आधी कळावं लागतं. डोळस बाळाला हे डोळा फुकटात शिकवतो. रांगणं लांबतं तेही बरंचसं यामुळेच. जायचं कुठे आणि कशासाठी, हेच ठाऊक नसतं.

म्हणजे या वयाचं खेळणं आधी हाताला लागलं पाहिजे आणि मग वाजलं पाहिजे, आणि सुटलं तरी पुन्हा त्याच जागी सापडलं पाहिजे. खाली पडून घरंगळलेला खुळखुळा या बाळाच्या जगातून नाहीसा झालेला असतो. डेन्मार्कच्या लिली नील्सन यांनी नेमक्या याच अडचणीवर ‘छोटी खोली’ केली. बाळाला निजवता येईल एवढी ती पेटी. तिच्या छताला आणि बाजूंना चमचे, मणी, ब्रश, किल्ल्या अशा वस्तू टांगलेल्या. हात सहज हलला तरी काहीतरी लागतं, वाजतं. पुन्हा हलवला तर तेच तिथेच असतं. मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही, बोलायचं नाही, फक्त लक्ष ठेवायचं. आपल्याकडे यासाठी परदेशी पेटी मागवायची गरज नाही. पाळण्यावर कापडी चिमण्यांचं चिमणाळं आपण बांधतोच. ते बांधतो मात्र वर, बाळानं पाहावं म्हणून. लेखिका ते खाली आणतात, बाळाच्या मुठीच्या आणि पायाच्या टप्प्यात, आणि चिमण्यांच्या जागी लाकडी वाटी, लोकरीचा गोंडा, पातळ पितळी झाकणं, खसखस भरून शिवलेली पुरचुंडी असं काहीबाही लावतात. दोऱ्या आखूड ठेवायच्या, गळ्याभोवती येऊ शकणार नाहीत इतक्या, आणि बाळाला तिथे एकटं सोडायचं नाही. पुस्तकातलं हे प्रकरण मला सर्वात मोलाचं वाटतं. विजेऱ्यांवरची, बटण एकीकडे आणि आवाज भलतीकडे अशी गाणारी खेळणी भेट म्हणून आणणाऱ्या मामा-मावशींना ते आधी वाचायला द्यावं.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं वाचताना गैरसमज होईल. दृष्टिदोष असलेल्या बहुतेक मुलांना थोडंफार दिसत असतं. कुणाला उजेड कळतो, कुणाला ठळक रंग, कुणाला अगदी जवळचं. आणि ही मुलं येतात कुठून, तेही बदलतं आहे. एके काळी ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव आणि गोवर यांचं नाव पहिलं येई. आता वेळेआधी जन्मलेली, नवजात अतिदक्षता विभागातून वाचून आलेली बाळं वाढली आहेत. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते, म्हणून चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनानं जन्मलेल्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत तपासून घ्या, असं सरकारी मार्गदर्शन आहे. वेळेत गाठलं तर लेझरनं दृष्टी वाचू शकते. काही मुलांचा डोळा धड असतो पण मेंदूतल्या दृष्टीच्या वाटेला इजा झालेली असते. अशा मुलाला काळ्या टॉवेलवर ठेवलेला एकच पिवळा चेंडू दिसतो, आणि रंगीबेरंगी चादरीवर तोच चेंडू दिसत नाही. बालवाडीच्या भिंतीवरचे तक्ते, छतावरच्या पताका, टेबलावरचा पसारा, या सगळ्यात त्याची नजर बुडून जाते. त्याच्यासाठी साहित्य तयार करणं म्हणजे पुष्कळदा साहित्य काढून घेणं. साधा काळा टॉवेल, एक विजेरी, स्टीलची चकचकीत वाटी, एका वेळी एकच वस्तू आणि थांबण्याची तयारी, एवढ्यात खूप होतं.

आता हात. एका अंगणवाडीत पाहिलेलं सांगतो. चार वर्षांची मुलगी, अजिबात न दिसणारी. तिच्यापुढे ताईंनी परात ठेवली होती. परातीखाली ओलं फडकं, म्हणजे ती सरकत नाही. परातीत करवंटी, कंगवा, लाकडी चमचा आणि भुईमुगाच्या थोड्या शेंगा. मुलीनं डाव्या हाताचा अंगठा परातीच्या काठाला अडकवला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. उजवा हात आत फिरायला लागला, काठापासून मध्याकडे. करवंटी सापडली. बाहेरचे धागे तिनं नखांनी ओढून पाहिले, मग बोटं आत गेली आणि तिथला गुळगुळीतपणा लागल्यावर थबकली. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. मग करवंटी परातीवर आपटून झाली, उलटी करून आपटून झाली. शेवटी तिनं ती तोंडावर धरली आणि आत ‘ओऽ’ केलं. आवाज बदलतो, हे लक्षात आल्यावर हसली आणि कितीतरी वेळ तेच चाललं. ताईंच्या ओठांवर ‘ही करवंटी, नारळाची’ हे वाक्य केव्हाचं आलेलं दिसत होतं. त्यांनी ते गिळलं. मुलीनं करवंटी त्यांच्या दिशेनं पुढे केली, तेव्हा बोलल्या.

परातीचा काठ ही या दृश्यातली खरी करामत. जगाला काठ असेल तर हात निर्धास्त शोधतो. उघड्या सतरंजीवर वस्तू मांडल्या तर त्या निसटतात आणि मूल लवकरच शोधणं सोडून देतं. ताट, सूप, पाटी, खोका, काहीही चालेल. दुसरी गोष्ट म्हणजे हाताची चाल. डोळा एका नजरेत आख्खी वस्तू घेतो, मग तपशिलाकडे वळतो. हात तुकडे गोळा करतो आणि त्यांचं मनात आख्खं करतो. त्याला वेळ लागतो, म्हणून आपण उतावीळपणे मुलाचं मनगट धरून बोट इकडून तिकडे फिरवतो. मनगट धरलेला हात शिकत नाही, तो ओढला जातो. बरीच मुलं नव्या वस्तूला हात लावायला बिचकतात, त्याचं एक कारण अशी ओढाताण हेच. उलट आपला हात मुलाच्या हाताखाली ठेवावा, आपण वस्तू चाचपत राहावं, त्याचा हात वर स्वार असावा. त्याला हवं तेव्हा तो बोटं खाली सोडतो, नको तेव्हा उचलतो. पुस्तकातल्या अनेक कृतींच्या शेवटी ही सूचना पुन्हापुन्हा आली आहे. वाचताना कंटाळा येईल, पण ती गाळण्याजोगी नाही.

निसर्गातल्या आणि घरातल्या वस्तूंनी शिकवायचं, हे महाराष्ट्राला नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडी चालवली ती शंखशिंपले, बिया, पानं, माती यांच्यावर. मॉन्टेसरी बाईंचं महागडं साहित्य त्यांनी आपल्या पाड्यावरच्या वस्तूंत उतरवून घेतलं. मॉन्टेसरी साहित्यातले खरखरीत-गुळगुळीत फळ्या, आवाजाच्या डब्या, पिशवीत हात घालून वस्तू ओळखणं हे सगळं तर डोळ्यांशिवाय करण्याचंच आहे. तरी आपल्या बहुतेक बालवाड्यांत पुढे चित्रांचे तक्तेच उरले, हे दुर्दैव. अंध मुलासाठी जे करायचं ते बरंचसं या विसरलेल्या वाटेवर परत जाणं आहे.

भातुकलीबद्दल मात्र लेखिकेचं मत ऐकून काहींना वाईट वाटेल. पितळेची इवलीशी कढई, बोटभर शेगडी, नखाएवढा झारा. आपल्याला त्यात केवढी मौज! ती मौज अशी, की मोठी कढई आपण रोज पाहतो आणि ही तिची छोटी बहीण आहे हे डोळा क्षणात ओळखतो. ज्या मुलाला ‘भाजेल’ म्हणून स्वयंपाकघरात कधी फिरकूच दिलं नाही, त्याच्या हाती ही कढई म्हणजे दोन कान असलेली एक वाटी. आधी खरी कढई, गार असताना. तिचं वजन, तिचं काळवंडलेलं बूड, झाऱ्याचा तिच्यावर होणारा आवाज. मग भातुकली. प्लास्टिकच्या हत्तीचंही तेच. रबरी कुत्र्याआधी शेजारचा कुत्रा हाताखालून गेला पाहिजे, त्याचं ओलं नाक आणि धापा टाकणारं पोट हाताला लागलं पाहिजे. हत्तीच्या बाबतीत हे जमणार नाही, म्हणून हत्ती जरा उशिरा आला तरी चालेल.

चित्रांचा प्रश्न याहून अवघड. फेव्हिकॉलनं सुतळी चिकटवून गाईची बाह्यरेषा काढली की स्पर्शचित्र झालं, अशी समजूत आहे. ती रेषा म्हणजे दुरून दिसणाऱ्या गाईची सावली. न दिसणाऱ्या मुलानं गाय दुरून कधीच अनुभवलेली नसते. फ्रान्समधल्या दिजाँ इथे १९९४ पासून ‘ले द्वा की रेव्ह’ ही संस्था स्पर्शपुस्तकं तयार करते आहे. फिलिप क्लोदे यांनी ती सुरू केली. मुलाच्या हाताचा आणि अंगाचा अनुभव पानावर आणायचा, डोळ्याची सावली नाही, हा तिथल्या कामाचा गाभा. लेखिकेनं तोच धागा आपल्या मातीत आणून एसटीचं पुस्तक केलं आहे, आणि ते मला फार आवडलं. त्यात चौकोन आणि दोन चाकं नाहीत. चाकं मुलानं कुठे पाहिलीत? पहिल्या पानावर चढायची दांडी आहे, जाड, गार, हाताच्या मुठीत मावणारी. पुढच्या पानावर पायाखालचा खाचांचा पत्रा, मग सीटचं रेक्झीन, एका जागी फाटून आतला स्पंज लागेल असं. खिडकीचा गज. शेवटच्या पानावर वरून लोंबणारी घंटीची दोरी. दोनदा ओढली की गाडी सुटली. एसटीनं जाणारं कुठलंही मूल, डोळस असो वा नसो, हे पुस्तक हाती घेताच ओळखेल. माझं मत विचाराल तर याच कसोटीवर स्पर्शपुस्तकं पारखावीत, प्रदर्शनातल्या टाळ्यांवर नव्हे.

गोष्टीसाठी पुस्तकच हवं असंही नाही. चिऊकाऊच्या गोष्टीची पिशवी करता येते: शेणाची वाळलेली गोवरी, मेणाचा गोळा, एक पीस, पाण्याची बाटली. गोष्ट सांगताना त्या-त्या वेळी वस्तू मुलाच्या हाती जाते. काऊचं घर का वाहून गेलं, हे गोवरीचा तुकडा वाटीभर पाण्यात विरघळवून पाहिलं की समजावून सांगावं लागत नाही.

ब्रेलची पूर्वतयारी हे पुस्तकातलं मोठं प्रकरण आहे. भारतीय भाषांसाठी १९५१ साली भारती ब्रेल ठरलं. त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमानं येतात. ऱ्हस्व वेलांटी छापील मजकुरात व्यंजनाच्या आधी दिसते, ब्रेलमध्ये ती जशी ऐकू येते तशी नंतर. लहान मुलाला हे सोयीचंच आहे. अडचण वेगळीकडे आहे. सहा ठिपके, डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन आणि उजवीकडे चार, पाच, सहा. ‘आ’ म्हणजे तीन, चार, पाच. ‘ई’ म्हणजे तीन, पाच. ‘आई’ हा शब्द, जो प्रत्येक ताई उत्साहानं पहिल्या दिवशी शिकवायला जाते, त्यात दोन अक्षरांमध्ये फरक फक्त एका ठिपक्याचा आहे, आणि दोन ठिपक्यांत अंतर जेमतेम अडीच मिलिमीटर. पहिला शब्द भावनेनं निवडू नये, बोटाला सोपा आहे म्हणून निवडावा, हे मला या पुस्तकाआधी कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

सहा अंड्यांच्या ट्रेमध्ये चेंडू ठेवून ब्रेलचं अक्षर शिकवण्याची युक्ती जगभर चालते. ठिपक्यांच्या जागांची नावं कळायला ती ठीक आहे. पण ट्रेवर फिरतो तो आख्खा पंजा. वाचताना लागतं ते बोटाचं टोक, आडवं, हलकं सरकणारं. ट्रेवर वर्ष काढलेलं मूल वाचायला तयार झालेलं नसतं. त्यापेक्षा दोऱ्यावर हलकेच बोट सरकवत मणी शोधणं, ओळीत डकवलेल्या मसुरीच्या दाण्यांत एक चणा शोधणं, दोन्ही हात मिळून ओळीचा शेवट गाठणं, हे खेळ कितीतरी उपयोगाचे. मसूर-चणे चिकटवलेली पट्टी अर्थातच तोंडात न घालणाऱ्या मुलासाठी.

लेगो कंपनीच्या ब्रेल विटांबद्दल हल्ली सगळे विचारतात. डेन्मार्कच्या अंध संघटनेनं ही कल्पना २०११ मध्ये मांडली, ब्राझीलच्या दोरीना नोविल प्रतिष्ठाननं नंतर ती स्वतंत्रपणे पुढे आणली, आणि २०२० पासून संच शाळांना मिळू लागले. विटेवरचे खुंट ब्रेल अक्षराप्रमाणे, आणि खाली तेच अक्षर छापलेलं. त्यामुळे दिसणारा भाऊ आणि न दिसणारी बहीण एकत्र खेळू शकतात. ही गोष्ट मला त्या विटांमधली सर्वात चांगली वाटते. इंग्रजी ‘के’ची वीट भारती ब्रेलमध्ये ‘क’ म्हणून चालते, ‘एम’ची ‘म’ म्हणून. पण आपला ‘आ’ आणि ‘ई’ इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांत नाहीत, म्हणजे त्या अक्षरांच्या विटांनी ‘आई’ लिहिता येणार नाही. मराठीसाठी काम करणाऱ्या एखाद्या सुतारानं किंवा त्रिमिती छपाई करणाऱ्या विद्यार्थ्यानं हे मनावर घ्यावं.

शब्दांबद्दल थोडं. न दिसणारी मुलं अर्थ न कळता शब्द वापरतात, अशी तक्रार थॉमस कट्सफोर्थ या स्वतः अंध असलेल्या मानसशास्त्रज्ञानं १९३० च्या दशकातच केली होती. वरच्या लाकडी आंब्याच्या बाबतीत ती खरी आहे. पण बार्बरा लँडाउ आणि लीला ग्लाइटमन यांनी १९८५ साली एका अंध मुलीबद्दल लिहिलं ते याला जोडून वाचावं. तिला ‘वर बघ’ म्हटलं की ती मान वर करत नसे, हात वर करून चाचपत असे. डोळे बांधलेली डोळस मुलं मात्र त्याच सूचनेला तोंड वर करतात. म्हणजे शब्द पोकळ नव्हता. तिनं तो आपल्या हातांनी भरून घेतला होता. शब्द भरायला वस्तू पुरवणं एवढंच साहित्य करणाऱ्याचं काम.

सुरक्षेचं प्रकरण लहान आहे, पण टाळू नका. ही मुलं वस्तू तोंडात घालून तपासणं जास्त काळ चालू ठेवतात आणि त्यांना त्यापासून रागावून रोखू नये, कारण ओठ आणि जीभ ही त्यांची शोधाची साधनंच आहेत. म्हणून रंग, गोंद, सुटे मणी यांची काळजी दुप्पट. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे बाजारातल्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा कुठलाही सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावता कामा नये, ही त्यातली एक चाचणी. घरी केलेल्या खेळण्याला कुणी तपासायला येत नाही. तेवढ्या व्यासाची नळी कापून घरात ठेवावी.

भारतातली अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला निघाली, मुंबईत दादरची, आज कमला मेहता यांच्या नावानं चालणारी, १९०० साली. इतक्या जुन्या परंपरेत मूल शाळेत येईपर्यंतची पाच-सहा वर्षं मात्र बहुतेकदा रिकामीच राहिली. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली, हे चांगलं झालं. पण साहित्याचं आपल्याकडे काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. पेटी येते, फोटो निघतो, नोंदवहीत चढते आणि कपाटात जाते. खराब होईल म्हणून काढली जात नाही, तपासणीला दाखवावी लागते म्हणून हरवूही दिली जात नाही. एका ठिकाणी मी प्लास्टिकचं वेष्टनही न काढलेला स्पर्शसाहित्याचा संच पाहिला, तो तिथे येऊन वर्ष उलटलं होतं. करवंटी आणि परात कपाटात जात नाहीत, हा त्यांचा फार मोठा गुण. हरवली तर दुसरी.

साहित्य करून झालं की आपण डोळ्यांवर पट्टी बांधून ते तपासून पाहतो. जरूर पाहावं, निदान टोकं बोचत नाहीत ना हे तरी कळेल. पण त्या पट्टीमागे आपलं आयुष्यभर पाहिलेलं जग असतं. सुतळीची गाय आपल्याला पट्टी बांधूनही ओळखू येते. खरी तपासणी मुलाकडेच. तीन खेळणी ठेवावीत आणि कशाकडे हात परत जातो ते पाहावं, जे नाकारलं जाईल ते नाक न मुरडता उसवून टाकावं. लेखिकेच्या काही कृती अशाच तिसऱ्या-चौथ्या उसवणीनंतर या पुस्तकात आल्या आहेत, आणि काही मोहक वस्तू मुलांनी नाकारल्यामुळे गाळल्या आहेत.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचलंच पाहिजे असं नाही. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर चिमणाळ्याच्या प्रकरणापासून सुरू करा. मूल शाळेच्या उंबरठ्यावर असेल तर ब्रेलची पूर्वतयारी आधी वाचा. टेलर फ्रेम आणि ॲबॅकस यांची ओळख त्याच प्रकरणाच्या शेवटी आहे, ती थोडक्यातच आहे आणि तेवढीच या वयाला पुरे. मापं इंचांत आणि सेंटिमीटरमध्ये अशी दोन्हींत दिली आहेत, शिंपी आणि शिक्षक दोघांची सोय म्हणून. सामानाची यादी परिशिष्टात सापडेल. त्यातलं निम्मं घरात असतंच. विकत आणायचं ते मुख्यतः वेल्क्रो, चांगल्या प्रतीचं इलॅस्टिक, लोकरीचे दोन-चार गुंडे आणि एक काळा टॉवेल. टॉवेल आधी दोनदा धुऊन घ्या, नव्याचा रंग जातो.